चार मिनिटं, आणि चेहराच नाही

(काळा पडदा. लांबून पोरांचं बडबडगीत. मग घर.)

हे घर बघा. रात्र आहे, दोन मजली लाकडी घर आहे, पुढे व्हरांडा, आत दिवा लागलाय. बस, एवढंच. अजून काहीच घडलेलं नाही आणि तरी तुम्ही जरा सावरून बसलात ना, कारण चित्र हलतंय, आणि ते ट्रॉलीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यासारखं हलत नाहीये, कोणीतरी चालत येतंय तसं हलतंय.

कोण येतंय ते मात्र दाखवत नाहीत.

१९७८ चा भयपट 'हॅलोवीन', दिग्दर्शक जॉन कारपेंटर. पडद्यावर पाटी येते, हॅडनफील्ड, इलिनॉय, हॅलोवीनची रात्र, १९६३. हॅलोवीन म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेत पोरं मुखवटे घालून फिरतात, दारात कोरलेले भोपळे ठेवतात तो सण. गाव काल्पनिक आहे, शूटिंग झालंय कॅलिफोर्नियात. बजेट साधारण तीन लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबात म्हणजे किरकोळ, आणि शूटिंगला जेमतेम चार आठवडे. हे आकडे आत्ताच सांगून ठेवतोय कारण पुढे जे काय बघाल त्यातलं निम्मं या आकड्यांमुळे झालंय.

(टायटल्स. भोपळा.)

थोडं मागे जाऊ. घर दिसायच्या आधी टायटल्स आहेत, डावीकडे कोरलेला भोपळा, आत मेणबत्ती, उजवीकडे नावं येतायत जातायत, आणि कॅमेरा अगदी हळू, म्हणजे इतका हळू की आधी कळतच नाही, त्या भोपळ्याकडे सरकतोय. दोन मिनिटांच्या वर हा एकच शॉट. कट नाही. शेवटी भोपळ्याचा डोळा जवळजवळ सगळा पडदा भरून टाकतो आणि उजेड जातो. आपल्याला वाटतं टायटल्स चालू आहेत, नावं वाचायची, पण मला विचाराल तर ही तालीम आहे, प्रेक्षकाला सवय लावतायत की बाबा हा सिनेमा लवकर कट करणार नाही, तू बघत राहा.

आणि ते म्युझिक. तेही कारपेंटरनंच केलंय. पाचाचा ठेका आहे. चार मोजायची सवय असलेल्या कानाला दर वेळी एक मात्रा जास्तीची लागते, तिथे पाय अडखळतो, पण गाणं मात्र थांबत नाही, तसंच ढकलत राहतं.

(पुन्हा घर. आता पूर्ण शॉट. दहा सेकंद निवेदन नाही.)

आता कॅमेरा बाजूच्या खिडकीशी गेलाय. आत मुलगा मुलगी सोफ्यावर. मुलगा तोंडावर विदूषकाचा मुखवटा धरून मस्करी करतोय. तो मुखवटा लक्षात ठेवा. दोघं वर जातात. कॅमेरा पुन्हा घराच्या समोर येतो, मान वर केल्यासारखा वर बघतो, वरच्या खोलीतला दिवा बंद होतो, आणि त्याच क्षणाला सिंथेसायझरचा एक धारदार सूर येतो. दिवा बंद होणं यात घाबरण्यासारखं काय आहे? काही नाही. पण आवाजानं सांगितलं की या बघणाऱ्याला ते आवडलेलं नाही. चेहरा नसलेल्या माणसाची प्रतिक्रिया आपल्याला कानातून दिली.

इथे एक मिनिट पॉज करतो.

(एडिटिंगच्या टाइमलाइनचा स्क्रीन.)

सिनेमात कोणाच्या तरी नजरेतून दाखवायचं, म्हणजे पीओव्ही, तर त्याची नेहमीची पद्धत तीन तुकड्यांची. आधी माणूस बघतोय असा शॉट, मग तो काय बघतोय ते, मग परत माणूस, त्याच्या तोंडावर काय झालं ते. हा तिसरा तुकडा फार महत्त्वाचा, कारण तोच आपल्याला सांगतो की यावर काय वाटून घ्यायचं. हीरो घाबरला, मग आपणही घाबरा. हीरो हसला, मग ठीक आहे, मांजर होती.

कारपेंटरनं पहिला तुकडा काढून टाकला. तिसराही काढून टाकला. फक्त मधला ठेवला आणि तो चार मिनिटं ताणला.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे आणि ते मी लपवणार नाहीये. एडिटिंगबद्दल बोलताना लोक कट मोजतात, किती फास्ट, किती कट, किती स्टायलिश. न केलेला कट कोणी मोजत नाही. इथे दर दहा सेकंदांनी कट करायची एक संधी येते आणि दर वेळी ती सोडून दिलीय, ते पण एडिटिंगच आहे की. उलट जास्त अवघड आहे, कारण कट केला की चूक झाकता येते.

(आमचं प्रात्यक्षिक. रिकामं घर, रात्र.)

हे आम्ही करून बघितलं. एक रिकामं घर मिळालं होतं दोन रात्रींसाठी, छोटा कॅमेरा, हातात धरायचा गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, आणि सुरीच्या जागी लाकडी पट्टी, कारण अंधारात पळापळ करताना खरी सुरी हातात नको. मुखवटा पुठ्ठ्याचा. तोच रस्ता ठेवला, बाहेरून खिडकी, मागचं दार, स्वयंपाकघर, जिना, खोली.

हा पहिला टेक. बघा, दारातच लाइटवाल्याची सावली भिंतीवर. हा दुसरा, जिन्यावर पाय घसरला. हा जो आहे, यात सगळं नीट झालं आणि शेवटी कळलं फोकस पहिल्या खिडकीपाशीच राहिलाय. हसायला येतं आता, तेव्हा नव्हतं येत.

आणि आमच्या हातात जे होतं ते आजचं, मोटर लावलेलं, वजनाला काहीच नाही. त्यांच्याकडे १९७८ मध्ये काय होतं तर पॅनाग्लाइड. त्याची गोष्ट अशी की गॅरेट ब्राऊन नावाच्या माणसानं स्टेडीकॅम काढला, १९७६ मध्ये तो पहिल्यांदा मोठ्या सिनेमांत दिसला, आणि कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजननं त्याला उत्तर म्हणून स्वतःचं यंत्र काढलं ते हे. तत्त्व दोघांचं एकच. ऑपरेटर अंगात जॅकेटसारखा पट्टा घालतो, त्या पट्ट्याला स्प्रिंगचा हात, हाताच्या टोकाला दांडा, दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला वजन. चालताना माणसाचं अंग वरखाली होतं ते स्प्रिंग गिळून टाकते, आणि वजन दोन्हीकडे वाटलेलं असल्यामुळे कॅमेरा डुलत नाही. ऑपरेटर आयपीसमधून बघतच नाही, छोट्या मॉनिटरवर बघत चालतो, म्हणजे पुढे पाय कुठे पडतोय ते अर्धं अंदाजानं.

याचा परिणाम काय होतो ते दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवतो.

(पडदा दुभागलेला. डावीकडे हातातला कॅमेरा, उजवीकडे गिंबल.)

डावीकडे नुसता हातात धरलेला कॅमेरा. हादरतोय, धक्के बसतायत, आणि म्हणून मेंदू म्हणतो, हां, माणूस आहे, घाईत आहे, कदाचित घाबरलाय. उजवीकडे तोच रस्ता, तेवढाच वेळ, पण तरंगत. माणसासारखं चालतंय पण माणसाचं वजन नाही. मला डावीकडच्याची दया येते आणि उजवीकडच्यापासून लांब जावंसं वाटतं. एकाच खोलीत, एकाच पट्टीनं, एकाच बिचाऱ्या मित्रानं चालून काढलेले दोन शॉट आहेत हे.

आता लाइट्स. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो त्यामुळे थोडा वेळ लागेल.

एका शॉटमध्ये सगळं घर दिसणार म्हणजे सगळ्या घरात लाइट हवेत. पैसे नाहीत तेवढे. सिनेमॅटोग्राफर डीन कंडी आणि त्याच्या लोकांनी काय केलं, कॅमेरा खालून वर गेला की खालच्या खोलीतले लाइट उचलायचे आणि वरच्या खोलीत नेऊन लावायचे, शॉट चालू असताना. म्हणजे तुम्ही पडद्यावर एकटा, शांत, थंड असा कोणीतरी जिना चढताना बघताय, आणि तेव्हाच त्याच घरात माणसं दिवे घेऊन फ्रेमच्या बाहेर बाहेर पळतायत. आम्ही पण तेच केलं, चार छोटे लाइट, दोन जण अनवाणी. हे बघा, दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढलंय.

(पळणारे पाय. आवाज तसाच ठेवलाय.)

आणि घर. खरं घर तेव्हा ओसाड, पडीक होतं, सिनेमातल्या पुढच्या भागासाठी, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं भुताटकी घर म्हणून, अगदी फिट. पण १९६३ ला तिथे माणसं राहतायत असं दाखवायचंय. त्यामुळे पडीक घराचं शूटिंग आधी उरकलं, आणि ही सुरुवात शूटिंगच्या शेवटी ठेवली. युनिटच्या लोकांनी मिळून रंग लावला, भिंतीला कागद चिकटवला, फर्निचर आणून ठेवलं. जे कॅमेऱ्याच्या रस्त्यात येणार तेवढंच. रस्ता सोडून दोन पावलं इकडे तिकडे गेलं असतं ना, तर घर उघडं पडलं असतं. म्हणजे तो एकटक पुढे बघत चालणारा माणूस, ज्याची आपल्याला भीती वाटते की हा इकडे तिकडे बघतच नाही, तो बघू शकतच नव्हता. बघायला काही नव्हतंच तिथे.

हे कळल्यापासून मला तो शॉट जास्तच आवडायला लागलाय.

(स्वयंपाकघर. दिवा लागतो. ड्रॉवर.)

मागच्या दारानं आत. दिवा लागतो. उजवीकडून एक हात येतो, ड्रॉवर उघडतो, मोठी सुरी काढतो. आता बघा, हात दिसला, बाही दिसली, म्हणजे हा कोण आहे याचा पुरावा दिग्दर्शकानं आपल्या नाकासमोर धरलाय. पण आपण सुरीकडे बघत बसलो. हात कोणाचा, तर डेब्रा हिलचा, सिनेमाची निर्माती आणि सहलेखिका. गोष्टीत हा बघणारा म्हणजे लहान पोर आहे, त्या मुलीचाच भाऊ, पण लहान पोराला एवढ्या अवघड टेकमध्ये कॅमेऱ्याच्या पोटाशी चालवत नेणार कसं, म्हणून तिनंच हात दिले. कॅमेऱ्याची उंचीही खरं तर सहा वर्षांच्या पोराची वाटत नाही, बरीच वर आहे. ही चूक म्हणायची का? काही लोक म्हणतात. मी म्हणतो बरं झालं, उंची खरी ठेवली असती तर पहिल्या मिनिटालाच कळलं असतं.

जेवणाच्या खोलीतून पुढे. जिन्यापाशी थांबतो. तो मुलगा शर्ट चढवत खाली येतो, मुलीला काहीतरी बोलतो आणि निघून जातो.

इथे दर वेळी हशा पिकतो. वरचा दिवा बंद झाल्यापासून तो खाली येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. पडद्यावर एक दीड मिनिट. शॉट कापलेला नाही म्हणजे खऱ्या वेळातही एक दीड मिनिट. एवढ्यात सगळं आटोपून साहेब शर्ट घालत खाली. एक कट असता तर प्रेक्षकानं मधला वेळ मनात भरून घेतला असता, पंधरा मिनिटं, अर्धा तास, काय हवं ते. न कापण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. असो.

(जिना. मुखवटा.)

जिन्यावरून वर. जमिनीवर तो मुखवटा पडलाय, सोफ्यावर ज्याची मस्करी चालली होती तोच. हात तो उचलतो. मुखवटा डोळ्यांवर येतो आणि इथे, बरोबर इथे,

(फ्रेम थांबवलेली.)

पडदा झाकला जातो. आणि परत उघडतो तेव्हा दोनच भोकं उरलेली असतात. या झाकलेल्या क्षणात कट आहे. सलग वाटणाऱ्या शॉटमधला लपवलेला सांधा. पण हुशारी कुठे आहे, तर सांधा लपवायला जे वापरलं त्याचाच पुढे गोष्टीत उपयोग केला. हा सिनेमा रुंद फ्रेममध्ये काढलाय, अ‍ॅनामॉर्फिक लेन्स, म्हणजे रुंद चित्र फिल्मवर आडवं दाबून बसवणारी, कमी पैशांच्या सिनेमात तेव्हा असलं सहसा कोणी करत नसे, आणि इतका वेळ आपल्याला ही एवढी मोठी, ऐसपैस रुंदी दिली होती, कडेला अंधार, कडेला दारं, नजर फिरवायला जागा. ती एका झटक्यात काढून घेतली. आता तुम्हाला दोन भोकांतून बघायचंय. आणि मुखवट्याच्या आतला श्वास ऐकू येतोय, तो तुमच्या इतका जवळ आहे की तुमचाच वाटतो.

आम्ही पुठ्ठा कापून हे केलं, भोकं जरा मोठी झाली, मजा गेली. मग लहान केली. हा फरक बघा.

(दोन चित्रं. निवेदन नाही.)

मुलगी आरशासमोर केस विंचरतेय. वळते. नाव घेते, "मायकल!" ओरडते असं नाही, वैतागून म्हणते, घरातल्या माणसावर वैतागतात तशी. या एका शब्दात सगळी माहिती आहे, तिला हा माहीत आहे, पण विचार करायला वेळ कुठे.

खून होतो आणि कॅमेरा तिच्याकडे धड बघतच नाही. स्वतःच्या हाताकडे बघतो. सुरी वर जाते, खाली येते, परत वर. भोकांतून तेवढंच.

आता याच्यासमोर १९६० चा 'सायको' ठेवा, हिचकॉकचा, शॉवरखाली बाईचा सुरीनं खून होतो तो बाथरूमचा सीन. तो सगळ्यांना पाठ असतो त्यामुळे पटकन सांगतो. शूटिंगला आठवडाभर लागला, ७८ सेटअप, म्हणजे कॅमेरा तेवढ्या वेळा नव्यानं लावला, ५२ कट, आणि पडद्यावर पाऊण मिनिटाचा खेळ. तिथे सुरी अंगात गेलेली जवळजवळ दाखवलेलीच नाही, ते काम कटनं केलं, कट हीच सुरी. अठरा वर्षांनी कारपेंटरला पण सुरीच दाखवायची होती, आणि त्यानं नेमकं उलटं केलं, कट केलाच नाही. हिचकॉकच्या सीनमध्ये नजर इतक्या ठिकाणी फेकली जाते की आपण कोणाचेच राहत नाही. इथे आपल्याला एकाच जागी कोंबून ठेवलंय, आणि ती जागा नको तिथली आहे.

एक प्रयोग केला. आमच्याच प्रात्यक्षिकात मध्ये मध्ये कट घातले. हे बघा, खिडकीतून बघतोय, कट, डोळे. ड्रॉवर, कट, ओठ. जिना, कट, चेहरा अर्ध्या उजेडात. दिसायला जास्त चकाचक झालंय, खोटं कशाला बोलू, ट्रेलर म्हणून हेच चालेल. पण चेहरा दिसला रे दिसला की मी त्या माणसाच्या समोर बसलो. आधी आत होतो.

(टाइमलाइन. कट एक एक करून काढले जातात.)

या ओपनिंगनंतर काय झालं ते थोडक्यात, ८० च्या दशकात अशा सिनेमांची रांग लागली, तरंगणारा कॅमेरा आणि श्वास म्हणजे फॉर्म्युला झाला, आणि प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांत, तेही बहुतेक वेळा मुलीच्या मागे, उभं करण्यावर जोरदार टीका झाली, जी चुकीची नव्हती. १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस' पण अशाच नजरेनं घरात शिरतो, तेव्हा पहिला मान कोणाचा यावर भांडू नका.

परत जिन्यावर येऊ.

खाली उतरतो, पुढच्या दारानं बाहेर. गाडी येऊन थांबते. एक बाई आणि एक माणूस उतरतात. माणूस जवळ येतो, नाव विचारतो, विचारल्यासारखं, "मायकल?" आणि मुखवटा ओढून काढतो.

कट.

(मुलाचा चेहरा. थांबलेली फ्रेम.)

घर दिसल्यापासून चार मिनिटांतला आपल्याला दाखवलेला हा पहिला कट. विदूषकाच्या कपड्यातलं सहा वर्षांचं पोर, हातात सुरी.

आता तो कुलेशोव्हचा प्रयोग आठवा, सिनेमाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतात तो. शंभर वर्षांपूर्वीचा रशियातला दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह, त्यानं एका नटाचा कोरा चेहरा घेतला, एकदा त्याच्याशेजारी सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण लोक म्हणाले वा, काय भूक दाखवलीय, वा, काय दुःख. चेहऱ्यावर काही नव्हतंच, भावना कटनं तयार झाली.

कारपेंटरनं आपल्याला आधी चार मिनिटं शवपेटी दाखवली. मग चेहरा दिला. आपण अधाशासारखे त्या चेहऱ्यावर शोधतो, राग असेल, भीती असेल, निदान रडू असेल, कारण इतका वेळ त्याच्या आत बसून आपण जे काय वाटून घेतलं ते कुठेतरी दिसायला हवं ना. काही नाही. कोरा. आणि कुलेशोव्हची ट्रिक इथे चालत नाही, जे काय तिथे भरायला जावं ते टिकतच नाही.

मग क्रेन मागे आणि वर जाते. आईवडील पुतळ्यासारखे उभे. इतका वेळ ज्याच्या डोळ्यांत होतो त्याच्यापासून आपण लांब लांब जातोय, आणि हा शॉटसुद्धा कापत नाहीत, गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवतात.

(क्रेनचा शॉट पूर्ण. निवेदन नाही. म्युझिक नाही, मूळ आवाज.)

आमच्याकडे क्रेन नव्हती. वरच्या गच्चीतून दोरीनं कॅमेरा ओढायचा प्रयत्न केला तो इथे दाखवत नाहीये, दाखवण्यासारखा नाही.

चेहरा मात्र आमच्याकडे होता. माझा भाचा, वय वर्षं आठ. त्याला फक्त एवढंच सांगितलं की मुखवटा काढला की काहीच करायचं नाही. तो म्हणाला काहीच म्हणजे काय करायचं? मी म्हटलं काही नाही. बराच वेळ आमचं हेच चाललं. त्यानं राग करून दाखवला, डोळे मोठे करून दाखवले, जीभ पण काढली एकदा. शेवटी कंटाळला, झोप यायला लागली, आणि तेव्हा हा टेक मिळाला.

(भाच्याचा चेहरा.)

हा पुढच्याच क्षणाला फिसकन हसतो. हसण्याच्या आठ फ्रेम आधी कापलाय.